हेडवरची लाल रेघ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे वाचताना कुणीतरी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून ह्याची पाचावर धारण कशी बसते? रस्त्यात कुत्रं दिसलं तरी मी पलीकडच्या कडेनं जातो. लोखंडाची मात्र मला कधी भीती वाटली नव्हती. लोखंड खोटं बोलत नाही, असं आमचे उस्ताद म्हणायचे. मी बोलेन असं तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं, आणि मलाही.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत चिंचवडला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन बाभळींच्या आधारानं उभं केलेलं पत्र्याचं छप्पर आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. पिंपरीला कारखान्याच्या भिंती नुकत्याच वर येत होत्या. वाकड-पुनावळ्याकडून माणसं बैलगाडीनं यायची आणि मोटार उघडलेली दिसली की गाडी थांबवून आत डोकावायची. उस्ताद लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात होते. आवाज पहाडी, मिशा पांढऱ्या, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. नवखा माणूस त्यानंच अर्धा गार व्हायचा. मी सव्वीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला मिस्त्री.

त्या भादव्यात आमच्या डॉक्टरांची गाडी बैल जुंपून गॅरेजात आणली. इंग्रजी बनावटीची, चार सिलिंडरची, जुनीच. आसपासच्या दहा गावांत पेशंट घालून पुण्याला नेता येईल अशी ती एकच गाडी. चाकणहून येताना रेडिएटरमधलं पाणी संपलं, इंजिन तापून लाल झालं, आणि डॉक्टरांनी विहिरीचं गार पाणी काढून तसंच आत ओतलं. माणसाच्या तापाचं त्यांना सगळं कळत होतं, इंजिनाच्या तापाचं नव्हतं. हेड दोन जागी तडकलं.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. पण झाकण म्हटलं की डब्याचं डोळ्यापुढं येतं, तसं ते नसतं. हे बिडाचं, ओतीव, कंबर जपून उचलावं लागतं. खालच्या अंगाला पेट्रोलचा भडका, आतल्या पोकळीत पाणी, आणि दोघांच्या मधे बोटभर जाडीचं बीड. त्याला चीर पडली की पाणी बाहेर येतं नाहीतर आगीत जातं, आणि गाडी जागच्या जागी बसते.

नवं हेड मिळायची सोय नव्हती. उस्तादांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच बनावटीची दोन जुनी हेडं आणली. दोन्ही आम्ही धुण्याचा सोडा घालून पिंपात उकळली, काजळी खरवडली आणि बाभळीच्या फांदीला दोरानं टांगली. आमच्याकडे चीर शोधायची पद्धत एवढीच. हेड अधांतरी टांगायचं, लहान हातोडीनं ठोकायचं, आणि ऐकायचं. धड हेड घंटेसारखं लांबवर वाजतं. तडकलेलं हेड वाजतं न वाजतं तोच गप्प होतं.

उस्ताद समोर उभे राहिले. "ठोक. ऐक. आन मला सांग," ते म्हणाले. ठोकायचं काम दोनेक वर्षांपासून त्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. मला वाटायचं, आपल्यावर विश्वास बसला.

पहिलं हेड ठोकलं. ठणठणीत वाजलं, आवाज बराच वेळ हवेत राहिला. पण त्याच्या व्हॉल्व्हच्या बैठका, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कडांवर घट्ट टेकतात त्या, झिजून खड्ड्यात गेल्या होत्या. ते हेड उभं करायचं म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम. दुसरं हेड बघायला देखणं, बैठका चांगल्या, दोन दिवसांत बसवता येईल असं. ते ठोकलं. तेही वाजलं. पण आवाज जरासा आखूड होता. फार नाही. शेजारच्या घरात कुणी बोलता बोलता थांबावं, एवढाच.

"काय म्हनतंय?" उस्तादांनी विचारलं.

इथं माझ्या घरचं सांगायला हवं. माझी बायको आठ महिन्यांची पोटुशी होती. आमचं पहिलं मूल गावीच, सुइणीच्या हातात, जन्मतानाच गेलं होतं. तेव्हा तीही वाचते की नाही असं झालं होतं. या वेळी डॉक्टरांनी तिला तपासून मला बाहेर बोलावलं होतं आणि सांगितलं होतं, मूल आडवं आहे, घरी बाळंतपण होणार नाही, कळा सुरू झाल्या की पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मी माझ्या गाडीतून नेतो. ती गाडी माझ्यासमोर विटांवर उभी होती. मला दहा दिवसांचं हेड नको होतं, दोन दिवसांचं हवं होतं.

"दोन्ही बरी हायेत," मी म्हणालो.

उस्तादांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "मग चार दिसांवर दसरा आलाय, तवा बघू," म्हणाले.

तोवर गाडीचं बाकीचं काम उरकलं. खंडेनवमीला आम्ही पाने, हातोड्या, जॅक, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. दोन्ही हेडंही मांडली. उस्तादांच्या बायकोनं सगळ्यांना ओली हळद फासली, एकेक बोट कुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही पेढा खाऊन घरी गेलो.

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजात आलो तर उस्ताद पाटापुढं हात जोडून उभे. दुसऱ्या हेडवरच्या पिवळ्या हळदीत एक लाल रेघ उमटली होती. प्लगच्या भोकापासून निघून वीतभर गेलेली, केसासारखी बारीक, कुंकवानं ओढावी तशी. कुंकवाचं बोट तर दुसऱ्या टोकाला लावलेलं होतं. पहिलं हेड होतं तसंच पिवळं.

"देवीनं कौल दिला," उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हेच बसवायचं."

देवळात कौल लावतात तेव्हा उजवीकडचं फूल पडलं की माणूस पुढचा विचार करत नाही. मीही केला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या आखूड आवाजाचं ओझं माझ्या मनावर होतं, ते देवीनं परस्पर उचललं. आम्ही हेड पुसलं, काळा रंग दिला, आणि दसऱ्याच्याच मुहूर्तावर बसवलं. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. डॉक्टरांनी आम्हाला सोनं दिलं. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उस्ताद कौलाची गोष्ट सांगत होते, आणि आठवडा संपायच्या आत ती चाकणच्या बाजारापर्यंत पोचली.

बायकोच्या मदतीला तिच्या मावशी पुनावळ्याहून आल्या होत्या. बायकोच्या पायांना सूज होती, म्हणून मावशी हळदीचा लेप करून फडक्यानं बांधायच्या. एका सकाळी मी चूळ भरायला परसात गेलो तर मावशी दगडावर ते फडकं धूत होत्या आणि फडकं लालभडक झालं होतं. माझ्या हातातला तांब्या पडला.

"रगात कशाचं?" मी ओरडलो.

मावशी हसायला लागल्या. "रगात कुठलं, जावईबापू? हळद हाय. साबण न्हाईतर सोडा लागला की हळद लाल व्हतीच की. बाईमानसाला ठावं असतंय."

मी तिथंच ओल्या दगडावर बसलो. आम्ही हेडं सोड्याच्या पाण्यात उकळली होती. वरून धुतली, पण चिरेत शिरलेलं पाणी कोण धुणार? ते रातभर झिरपून हळदीला लागलं आणि चीर होती तेवढी रेघ लाल झाली. देवीनं कौल दिला असेलच तर तो हे हेड घेऊ नका असा दिला होता, आणि आम्ही हात जोडून नेमका उलटा वाचला. उस्तादांना कळलं नाही कारण त्यांनी जन्मात हळदीचं फडकं धुतलं नव्हतं. मीही नव्हतं. पण मी आवाज ऐकला होता.

तेव्हापासून जी भीती बसली तिचं वर्णन मला अजूनही नीट करता येत नाही. डॉक्टरांची गाडी सकाळी रस्त्यानं गेली की हातातलं काम सोडून मी तिचा आवाज नाहीसा होईपर्यंत ऐकत राहायचो. सांगून टाकावं असं दिवसातून दहादा वाटे. पण सांगितलं की गाडी उघडणार, आणि पहिलं हेड तयार होईपर्यंत दहा दिवस ती विटांवर. त्या दहा दिवसांत हिच्या कळा सुरू झाल्या तर? न सांगावं तर वाटेत हेड फाटलं तर? इकडे आड, तिकडे विहीर. आणि खरं म्हणजे आणखी एक होतं, ते कबूल करायला मला लाज वाटते. उस्तादांनी गावभर सांगितलेला कौल खोटा पाडायची माझी छाती नव्हती.

एकदा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. ते चहा पीत होते. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय रं? गाडी कशी पळतीय बघितलीस का?" मी म्हणालो, "व्हय, बघितली." आणि परत आलो.

मी एवढंच केलं, पहिल्या हेडाचं काम हाती घेतलं. पडून आहे तर करून ठेवतो, असं उस्तादांना सांगितलं. झिजलेल्या बैठका कापून त्यात नव्या कड्या ठोकल्या. मग एकेका व्हॉल्व्हला खरवडीची पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत धरून, रवीनं ताक घुसळावं तशी फिरवत बसलो. आठ व्हॉल्व्ह. तळव्यांना फोड आले. बैठकीवर राखी रंगाचं अखंड कडं उमटेपर्यंत घासायचं, मग वरून रॉकेल ओतून बघायचं, थेंबही खाली झिरपता कामा नये. सहा व्हॉल्व्ह झाले होते. आणखी दोन दिवस मिळाले असते तर मी सगळं सांगणार होतो. निदान तसं मी स्वतःला बजावत होतो.

सातव्या व्हॉल्व्हला काठी लावली आणि मावशी धावत गॅरेजात आल्या. "चला, कळा सुरू झाल्यात."

दुपार नुकतीच कलली होती. पुण्याची रेल्वे गेलेली, पुढची संध्याकाळी. डॉक्टर गाडी घेऊन दारात आले. बायकोला मावशींनी मागं आडवं घेतलं, मी पुढं बसलो, पायात पाण्याचा डबा. डॉक्टर म्हणाले, "डबा कशाला? तुमचंच तर हेड आहे." मी डबा पायांत घट्ट धरला.

पिंपरी गेली, कासारवाडी गेली. मी रस्ता बघतच नव्हतो. तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. मागं ती दात आवळून कण्हत होती, आणि प्रत्येक कळेबरोबर काटा चढतोय असं मला वाटायचं. दापोडीच्या अलीकडे तो खरंच चढला. इंजिन अडखळलं, एक सिलिंडर बंद पडला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली. दापोडीच्या पुलाशी गाडी थांबली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टरसाहेब, हेड तडकलेलं आहे. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. "ते नंतर," ते म्हणाले. "पुण्याला कसं पोचायचं ते सांग."

मागून बायकोचा आवाज आला, "अहो, गाडी का थांबली?" मी म्हणालो, "पाणी घालायचंय." त्या क्षणी मला स्वतःची एवढी किळस आली की मी दार उघडून खाली उतरलो.

बॉनेट उघडलं. प्लगच्या भोकाशी, बरोबर त्याच जागी, वाफेचा बारीक फवारा. गार पाणी ओतावं तर डॉक्टरांनी चाकणला केलं तेच व्हायचं, चीर आरपार जायची. थांबावं तर इंजिन निवायला तास तरी हवा, आणि मागं तास नव्हता. एक ट्रक आला, हात केला, कांद्याच्या पोत्यांवर माणसं बसवलेला तो तसाच निघून गेला. मग मला नदीकाठी परटाची भट्टी दिसली. कपडे उकळायला पाणी चढवलेलं होतं. मी डब्यातलं गार पाणी ओतून टाकलं आणि डबा घेऊन उतारावरून पळालो. परटानं विचारलं सुद्धा नाही, डबा भरून कढत पाणी दिलं. गरम इंजिनाला गरम पाणी चालतं.

वर आलो आणि मावशींना म्हणालो, "हळद हाय का?"

बाळंतिणीच्या बोचक्यात हळद असतेच. मावशींनी पुडी दिली. रेडिएटर गळायला लागला की जुने ड्रायव्हर आत हळद टाकतात. भुकटी भोकाशी जाऊन बसते आणि काही मैल निघतात. हेडाच्या चिरेला ती बसेल का, ठाऊक नव्हतं. मी पुडी डब्यात रिकामी केली आणि ढवळलं. परटाच्या पाण्यात सोडा होता. डबाभर पाणी रक्तासारखं लाल झालं. मावशींनी ते पाहिलं आणि "आई गं" म्हणत तोंडावर पदर घेतला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

हाताला फडकं गुंडाळून मी रेडिएटरचं झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि थोडं थोडं करत ते ओतलं. इंजिन सुरू केलं. चिरेतून लाल थेंब यायला लागले. एकामागून एक. मी ते मोजत नव्हतो, मनात फक्त थांब, थांब, थांब असं म्हणत होतो. देवाला म्हणत होतो की लोखंडाला, सांगता येणार नाही. हळूहळू थेंब दाट झाले, मग चिकट, मग तिथंच लाल खपली धरली.

"चला," मी म्हणालो. झाकण घट्ट न लावता, तीन सिलिंडरवर, बैलगाडीहून थोड्याच वेगानं आम्ही पुण्यात शिरलो. ती आता कण्हतही नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

पोट फाडून मूल काढलं. मुलगी. दोघी जगल्या. डॉक्टर बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुला काय सांगितलं असतं, मला माहीत नाही." मी रडायला लागलो. आनंदानं नाही, भीतीनंच. ती तोवर आत कुठंतरी अडून बसली होती.

तिसऱ्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे मला गाडीत घातलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तिनं पोरीला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढं बोलली, संसारही चांगला झाला, पण माझ्या 'काही नाही, सगळं ठीक आहे' या वाक्यावर तिनं पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. बरोबरच होतं तिचं.

चिंचवडला परत आलो तो सरळ उस्तादांकडे. गाडी पुण्याहून ओढून आणलेली होती, आणि उस्ताद ते हेड उतरवून पुढ्यात घेऊन बसले होते. रंग निघाला होता, चीर उघडी होती, तिच्यात लाल हळद. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सोड्याचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, मग आवाजाचं.

"त्या दिवशी ठोकलं तवाच आवाज आखूड आला व्हता. मी बोललो न्हाई."

मला वाटलं, हातोडी डोक्यात घालतील. घातली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"लढाईत एक कान गेला," ते म्हणाले. नेहमीचा पहाडी आवाज उतरला होता. "दुसरा दोन वर्सांपासनं गेलाय. मानसाचं बोलनं मला ओठांवरनं कळतं गड्या. लोखंडाला ओठ न्हाईत. म्हनून तर तुला ठोकाया लावतो. तू म्हनलास दोन्ही बरी, मग मी देवीबिगर कुनाला इचारनार?"

सहा वर्षं मी या माणसाच्या कानांवर विसंबून होतो, आणि दोन वर्षं तो माझ्या. माझ्याशिवाय त्या गॅरेजात ऐकणारं कुणी नव्हतंच. भीती म्हणजे काय हे मला दापोडीच्या पुलावर कळलं होतं असं वाटत होतं, पण खरी कळली ती तेव्हा.

पहिल्या हेडाचे उरलेले दोन व्हॉल्व्ह आम्ही दोघांनी मिळून घासले. मग उस्तादांनी दोन्ही हेडं पुन्हा बाभळीला टांगायला लावली. मी ठोकणार, तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि नेहमीसारखे माझ्या तोंडासमोर येऊन उभे राहिले.

पहिलं ठोकलं. "लांब हाय," मी म्हणालो. "धड हाय."

दुसरं ठोकलं.

"काय म्हनतंय?"

"आखूड."

"मोठ्यानं सांग. मला दिसंल असं सांग."

"आखूड!" मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवानानं बैल थांबवले आणि तो आमच्याकडे बघत राहिला.